नवऱ्याच्या शिक्क्यावर

अलिबागला इस्राएल आळीच्या तोंडाशी आमच्या घराला लागून एका सोनाराचे घर होते. त्या घरातील नात लग्न होऊन बहरीनला गेली, त्यास आता नऊ वर्षे होतील. सणावाराला ती मला फोन करते. आमच्या रोश हशानाला ती न चुकता आठवण ठेवते आणि मी तिला गणपतीत फोन करतो, असा आमचा जुना शेजारधर्म अजून चालू आहे. मागच्या खेपेस बोलता बोलता तिने विचारले, "काका, तुम्हाला तिथं कायमचं राहायचा कागद किती वर्षांनी मिळाला हो?"

मी म्हणालो, "लोदच्या विमानतळावर, टेबलापाशी. अर्धा-पाऊण तास लागला असेल."

पलीकडून काही वेळ आवाजच आला नाही. मला वाटले लाईन तुटली. नंतर ती म्हणाली, "आम्हाला नऊ वर्षं झाली. दर दोन वर्षांनी शिक्का. तोही माझा नाही, ह्यांच्या नोकरीचा."

वाचकहो, त्या एका वाक्यामुळे हा लेख लिहावयास घेतला आहे. नवराबायकोने एका छपराखाली राहावे यात सरकारचा काय संबंध, असे आपल्या आजीपणजींना वाटले असते. पण घर परमुलखात असले की संबंध येतो, आणि तो गेल्या शंभर वर्षांत कसा कसा येत गेला हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम गाव सांगतो. सनाबिस हे मनामा शहराच्या पश्चिमेस लागून असलेले जुने गाव. पूर्वी तेथील माणसे मासेमारी करीत आणि मोत्यांच्या हंगामात बोटींवर जात. वस्ती शिया मुसलमानांची, गल्ल्या अरुंद. समुद्र हटवून भर घातली गेली, त्या भरावावर सीफचे उंच मनोरे व दुकाने उभी राहिली, आणि सनाबिस मधल्यामध्ये राहिले. गावाच्या कडेला दाना मॉल आणि जुने प्रदर्शन केंद्र आहे. आसपासच्या इमारतींतून हिंदी, फिलिपिनो, बंगाली बिऱ्हाडे भाड्याने राहतात. बहरीनमध्ये आज सुमारे तीन लाख हिंदी लोक आहेत. त्यांत आपल्या कोकणपट्टीतले थोडे नाहीत.

आमच्या बापजाद्यांच्या वेळी बहरीन परदेश वाटत नसे, मुंबईच्या परसदारची एक खोली वाटे. इराणी आखातातला इंग्रज रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता, नंतर हिंदुस्थान सरकारच्या. बहरीनमधला पोलिटिकल एजंटही १९४७ पर्यंत त्याच साखळीतला. बाजारात चालणारे नाणे रुपया. १९३३ पासून पत्रावर लागे ते हिंदुस्थानचे तिकीट, फक्त त्यावर 'बहरीन' असा ठसा मारलेला. हा रुपया १९६५ साली बहरीनी दिनार येईपर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपात टिकला, आणि दहा रुपयांना एक दिनार या भावाने मोडला गेला. मोती मुंबईला येत, तांदूळ व कापड तिकडे जाई. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी मुंबई, कराची, बुशायर, बहरीन, बसरा अशा फेऱ्या करीत. त्यांतली 'द्वारका' ही शेवटची बोट १९८२ पर्यंत चालू होती. डेकवर वळकटी पसरून, डबा बांधून गेलेली माणसे आपल्यातही अजून असतील.

बहरीनसाठी इंग्रजांनी १९१३ साली एक राजाज्ञा काढली. ती प्रत्यक्षात अमलात आली १९१९ मध्ये. तिने ब्रिटिश प्रजाजन व बहुतेक परकीय लोक एजंटाच्या न्यायकक्षेत आले आणि हिंदुस्थानचे दंडविधान तेथे लागू झाले. म्हणजे मुंबईहून गेलेला कारकून तेथे शेखांचा पाहुणा असला, तरी कायद्याने तो आपल्याच फौजदारीखाली राहत होता. १९३२ साली तेल लागले, १९३६ साली शुद्धीकरणाचा कारखाना निघाला आणि मुंबईहून कारकून, फिटर, दवाखान्यातले कंपाउंडर जाऊ लागले. बहुतेक जण एकटेच जात. बायकापोरे मागे गावी, मनिऑर्डर महिन्याची.

ज्यांनी बायको नेली त्यांचे कागद कसे असत, याचा एक नमुना माझ्या घरी आहे. माझ्या आत्याचे यजमान युद्धानंतर बसऱ्यास नोकरीला होते. त्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानचा निळा पासपोर्ट आत्याने शेवटपर्यंत ट्रंकेत ठेवला होता. त्यात एकाच पानावर दोन फोटो आहेत. वर 'धारक', खाली 'पत्नी'. आत्याला निराळा पासपोर्ट नव्हता. धारक जाईल तेथे पत्नी जाऊ शके. धारकाशिवाय पत्नी मुंबईच्या धक्क्यावरून हलू शकत नसे. आत्या हे हसत सांगत असे. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, पण ट्रंक उघडली की पासपोर्ट पहिला बाहेर निघे, हेही खरे.

हा नुसता पासपोर्टच्या छपाईचा प्रकार नव्हता. कायदाच तसा होता. १९१४ च्या ब्रिटिश प्रजाजनत्वाच्या कायद्याने बाई ही नवऱ्याच्या मुलखाची ठरे. परकीय बाईने ब्रिटिश प्रजाजनाशी लग्न लावले की ती आपोआप ब्रिटिश. आणि मुंबईत जन्मलेल्या मुलीने एखाद्या बगदादी व्यापाऱ्याशी लग्न लावले, तो इराकी प्रजाजन असला, तर तीही आपोआप परकी. तिला कोणी विचारीत नसे. एक बाजू चांगली म्हणावी तर अशी की जोडपे एकत्र ठेवण्यास निराळा परवाना लागत नसे, कारण कायद्याच्या नजरेत माणूस एकच होता. दुसरी बाजू सांगावयास नकोच. १९४९ च्या आरंभापासून ही पद्धत गेली, बाईला स्वतःचे नागरिकत्व मिळाले. आणि गंमत अशी की राहण्याच्या परवान्याचा खरा प्रश्न तेव्हापासूनच सुरू झाला. दोन माणसांची दोन नागरिकत्वे झाली, की एकाने दुसऱ्याजवळ का राहावे हे कोणाला तरी पटवून द्यावे लागते.

बहरीनमधील यहुदी लोकांची आठवण येथे काढणे उचित होईल. बगदाद-बसऱ्याकडून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही घराणी मनामात येऊन राहिली होती. काही इराणातून, काही हिंदुस्थानातूनही आली. १९४८ च्या सुमारास पाच-सहाशे माणसे असावीत. १९४७ च्या डिसेंबरात दंगल झाली, सिनागॉग मोडले गेले, आणि पुढे बहुतेक घरे इंग्लंड-इस्राएलकडे निघून गेली. जी मोजकी राहिली ती बहरीनी नागरिक म्हणून राहिली. त्यांच्यातल्याच एक बाई, हुदा नोनू, २००८ साली अमेरिकेत बहरीनच्या राजदूत झाल्या. २०२० साली बहरीन व इस्राएल यांच्यात करार झाला, २०२१ साली सिनागॉग पुन्हा उघडले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ५२ वर्षांनंतर पहिले यहुदी लग्न त्या बेटावर लागले. हुप्पा उभा राहिला तो सीफच्या बाजूला, म्हणजे आमच्या अलिबागच्या मुलीच्या घरापासून फार दूर नव्हे. तिने तेव्हा मला फोन करून विचारले होते की, काका, पेला का फोडतात?

बहरीन १९७१ साली स्वतंत्र झाले. तत्पूर्वीच, १९६३ साली नागरिकत्वाचा आणि १९६५ साली परकीयांच्या राहण्याचा कायदा झाला होता. नागरिकत्वाचा अर्ज करावयाचा तर अरबाला पंधरा वर्षे आणि बाकीच्यांना पंचवीस वर्षे सलग वास्तव्य हवे. शिवाय अरबी भाषा यावी, वर्तन चांगले असावे, स्वतःच्या नावावर घर असावे. बहरीनी पुरुषाची परकीय बायको पाच वर्षांच्या सहवासानंतर नागरिक होऊ शकते. बहरीनी बाईचा परकीय नवरा मात्र त्या वाटेने जाऊ शकत नाही आणि तिची मुलेही बापाच्या देशाची ठरतात. २००९ साली अशा मुलांना शाळा, दवाखाना व राहण्याच्या फीच्या बाबतीत सवलत मिळाली, नागरिकत्व नाही. १९१४ चा इंग्रजांचा कायदा रद्द होऊन इतकी वर्षे झाली, पण त्याच्या मुळाशी असलेली समजूत किती देशांत कशी टिकून आहे, हे यावरून दिसते.

जेथे नवरा व बायको दोघेही परकीय आहेत तेथे सगळे कफीलवर, म्हणजे जामीन राहणाऱ्यावर, अवलंबून. नोकरी देणारी कंपनी नवऱ्याची जामीन; नवरा बायकोचा जामीन. ठराविक पगार असला तरच बायकोला बोलावता येते. नवऱ्याच्या परवान्याची मुदत तीच तिच्या परवान्याची मुदत. २००९ साली बहरीनने कामगाराला मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलण्याची मोकळीक दिली; आखाती देशांत हे पाऊल आधी टाकणाऱ्यांत बहरीन होते आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे. परंतु नोकरी बदलणे निराळे आणि नोकरी जाणे निराळे. आमच्या मुलीच्या नवऱ्याची कंपनी चौथ्या वर्षी बंद पडली. त्याला दुसरी नोकरी मिळाली, पण मधल्या काळात तिचा व लहान मुलीचा शिक्का संपत होता. ती मुलीला घेऊन अलिबागला आली आणि चार महिने राहिली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटले, भांडण झाले असेल. भांडण कसले! कागद एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत जात होता.

मुलगी बहरीनमध्ये जन्मली, म्हणून बहरीनी होत नाही. भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत जन्म नोंदवला म्हणून ती भारतीय. हे एक वर्षाचे कलम आपल्या पुष्कळ तरुण आईबापांच्या लक्षात राहत नाही.

आता आपल्याकडे वळतो. मी तिला "अर्धा-पाऊण तास" असे सांगितले तेव्हा मनातून मला थोडे अवघडल्यासारखे झाले. कारण तो अर्धा तास खरा असला तरी सगळी हकीकत नव्हे. १९५० च्या परतीच्या कायद्याने यहुदी माणसाला इस्राएलात येण्याचा हक्क आहे, आणि आपले लोक त्या हक्कानेच आले. राहण्याचा प्रश्न विमानतळावर सुटला. पण लग्नाचा? तो सुटला नव्हता. इस्राएलात यहुदी लग्न रब्बीच्या कचेरीतूनच होते, आणि १९५० नंतरच्या दशकात काही रब्बी बेने इस्राएल मुलामुलींची इतरांशी लग्ने लावावयास नकार देऊ लागले. आपल्या पूर्वजांना घटस्फोटाचे व हलित्साचे नियम ठाऊक नव्हते, मधल्या शतकांत बाहेरच्यांशी लग्ने झाली असतील, अशा शंका. मुख्य रब्बीपीठाने ऑक्टोबर १९६१ मध्ये अशी लग्ने करण्यास हरकत नाही असे ठरविले. परंतु फेब्रुवारी १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्याकडून ज्या सूचना निघाल्या त्यांत आईकडची पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी करावी असे आले. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून ज्यांचे पूर्वज पोचले, असे आपण मानतो, त्यांनी पणजीचा दाखला कोठून आणावयाचा?

१९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे बायकामुलांसह यरुशलेमला ज्यूइश एजन्सीच्या आवारात येऊन बसली. किर्यात गात, बीरशेबा, दिमोना येथून आली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी कनेसेटची खास बैठक झाली आणि पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्राएल हे सर्व बाबतीत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे यहुदी आहेत, असे जाहीर केले. महिनाअखेरीस रब्बीपीठाने आपल्या सूचनांतून 'बेने इस्राएल' हे शब्द काढले आणि ज्याच्याविषयी शंका असेल अशा कोणासही त्या लागू केल्या. पाहा, आम्हांस राहावयास जागा होती, मत होते, लष्करात बंदूक होती. फक्त आवडलेल्या माणसाशी बिऱ्हाड थाटण्यास पणजी आड येत होती. सनाबिसच्या मुलीचे नेमके उलट आहे. तिच्या लग्नाविषयी कोणाला शंका नाही. जागा मात्र पक्की नाही.

यानंतर दुसरी गोष्ट घडली, ती आपल्या तरुणांच्या घरोघरी आज उपयोगी पडते. शालित नावाच्या एका नौदल अधिकाऱ्याची बायको मूळची स्कॉटलंडची, यहुदी नसलेली. मुलांची नोंद कोणत्या राष्ट्राची करावयाची, हा वाद वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला व जानेवारी १९७० मध्ये एका मताने तो जिंकला. त्यावर मार्च १९७० मध्ये कायदा बदलला गेला. यहुदी कोण याची व्याख्या घट्ट झाली, पण त्याच दुरुस्तीने यहुदी माणसाचा जोडीदार, मुले, नातवंडे आणि त्यांचे जोडीदार यांना येण्याचा हक्क मिळाला. एका हाताने दार लोटले आणि दुसऱ्या हाताने खिडकी उघडली, असे मला तरी वाटते.

तथापि ही खिडकी बाहेरून एकत्र येणाऱ्या जोडप्यासाठी आहे. जो आधीच इस्राएली नागरिक आहे आणि नंतर परकीय, यहुदी नसलेल्या व्यक्तीशी लग्न करतो त्याचे काय? गृहखाते अशा जोडीदाराला चौकशी पुरी होईपर्यंत देशाबाहेर जाऊन राहा, असे सांगत असे. स्तामका नावाच्या खटल्यात १९९९ साली न्यायालयाने ते धोरण रद्द केले, परतीचा कायदा अशा जोडप्याला लागू नाही असेही म्हटले, आणि त्यातून पायऱ्यापायऱ्यांची पद्धत आली. प्रथम काम करण्याचा परवाना, मग दरसाल नवा होणारा तात्पुरता रहिवास, आणि सुमारे पाच वर्षांनी नागरिकत्व. लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना सुमारे सात वर्षे लागतात व शेवटी कायमचा रहिवास मिळतो. दरवर्षी जोडपे कचेरीत जाते. एकत्र फोटो, भाड्याचा करार, बँकेचे खाते, मित्रांची पत्रे दाखविते. दोघांना वेगवेगळे बसवून प्रश्नही विचारतात. आमच्या ओळखीच्या एका मुलाला विचारले होते की, तुझी बायको सकाळी चहा घेते की कॉफी? तो बिचारा रात्रपाळीचा, त्याला काय ठाऊक!

इंग्लंडला गेलेल्यांचीही कथा थोडक्यात सांगावयास हवी. १९६२ च्या कायद्यानंतर राष्ट्रकुलातील पुरुषाला बायकोमुले बोलावता येत. बाईने नवऱ्याला बोलावणे मात्र १९६९ पासून जवळजवळ बंद झाले, १९७४ साली पुन्हा चालू झाले, मग १९८० पासून लग्नाचा मुख्य हेतू इंग्लंडात शिरण्याचा नाही हे नवऱ्याने सिद्ध करावे असा नियम आला. तीन बायकांनी स्ट्रासबुर्गच्या न्यायालयात दाद मागितली. २८ मे १९८५ रोजी त्या जिंकल्या. सरकारने काय केले? स्त्रीपुरुषांना समान केले, म्हणजे पुरुषांच्या बायकांनाही तोच जाच लावला. तो नियम १९९७ मध्ये गेला, आणि २०१२ पासून उत्पन्नाची अट आली. वर्षाला १८,६०० पौंड. २०२४ च्या एप्रिलपासून २९,०००. जीव कोणावर जडला यापेक्षा पगाराची चिठ्ठी महत्त्वाची ठरते.

बहरीननेही फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनेरी रहिवास नावाचा दहा वर्षांचा, पुन्हा वाढविता येणारा परवाना सुरू केला. तो कंपनीच्या जामिनकीवर नाही, आणि त्यात जवळचे कुटुंबीयही येतात. नोकरदारासाठी अट अशी की पाच वर्षे बहरीनमध्ये राहून सरासरी मूळ पगार महिना २,००० दिनार असावा. आमच्या मुलीच्या नवऱ्याचा पगार याच्या निम्म्यालाही पोचत नाही. तिने ती अट वाचून दाखविली आणि म्हणाली, "सोनाराची नात आहे मी, पण एवढं सोनं कुठून आणू?"

येथे आपल्या वाचकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी लिहून ठेवतो, कारण पत्रे याचीच येतात. पहिली केतुबाची. आपल्या सिनागॉगमध्ये लग्न लागले, केतुबा वाचला, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, म्हणजे आपल्या दृष्टीने सर्व झाले. परदेशी कचेरीत तो कागद नुसता चालत नाही. महाराष्ट्रातल्या लग्नाची नोंद १९९८ च्या राज्य कायद्याखाली निबंधकाकडे करून त्याचा दाखला घ्यावा, त्यावर राज्य सरकारचा आणि मग परराष्ट्र खात्याचा शिक्का घ्यावा. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, बहरीन २०१३ च्या अखेरीपासून. त्यामुळे वकिलातीतली एक फेरी वाचते. नाव, आडनाव, आईचे नाव यांचे स्पेलिंग सर्व कागदांवर एकच असू द्यावे. पेणकर आणि पेनकर यांत एका अक्षराचा फरक असला, तरी कचेरीत तो महिनाभर पुरतो.

दुसरी गोष्ट उलट्या प्रवासाची. आपली मुले इस्राएली नागरिक झाली तरी भारतीय मूळ असल्यामुळे ओसीआय कार्ड घेऊ शकतात. २०१५ पासून परकीय जोडीदारालाही ते मिळते. लग्न नोंदलेले असावे आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षे टिकलेले असावे. लग्न मोडले तर जोडीदाराचे कार्ड जाते. भारतीय नागरिकाच्या परकीय जोडीदाराला नागरिकत्वाचा अर्ज करावयाचा असेल तर सात वर्षांचे वास्तव्य लागते. म्हणजे आपला मायदेशही या बाबतीत फार उदार आहे असे म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. अश्दोदला आमच्या इमारतीत दोन म्हाताऱ्यांची शुश्रूषा केरळच्या बायका करतात. त्यांना येथे कामाचा परवाना आहे. पण नवऱ्याने सोबत राहावे असा परवाना त्या कामाबरोबर मिळत नाही. संध्याकाळी बागेत बाकावर बसून त्या फोनवर पोरांचा अभ्यास घेतात. बहरीनच्या कफीलविषयी आपण बोलतो तेव्हा आपल्याच जिन्यावरून कोण चढते-उतरते तेही पाहावे.

आत्याच्या पासपोर्टच्या त्या पानाचा फोटो काढून मी सनाबिसला पाठविला. तिने रात्री फोन केला. म्हणाली, आत्याबाईंच्या नाकात नथ नाही पण ऐट नथीचीच आहे. मग सांगितले की नवऱ्याच्या कराराची मुदत नोव्हेंबरात संपते. कंपनी वाढवून देईल असे वाटते. पत्र अजून हातात आलेले नाही. मुलीची शाळेची फी भरावयाची की थांबावयाचे, यावर दोघांचे बोलणे चालू आहे. दिवाळीची तिकिटे काढली आहेत, जाण्याची आणि परतीची, दोन्ही. परतीची तारीख बदलता येईल अशी घेतली आहेत, थोडे जास्त पैसे देऊन.